आतड्याकडून मांसाकडे

नगर जिल्ह्याची ओळख सांगताना मासळीचं नाव कोणी घेत नाही. साखर कारखाने, दूध, कांदा, दुष्काळ आणि पाण्यावरून होणारी भांडणं एवढ्यात ती ओळख संपते. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. आता त्याचं नाव अहिल्यानगर आहे, पण बाजारात अजून ‘नगर’च चालतं. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीत पाऊस कोसळतो आणि पूर्वेला पाथर्डी-जामखेडची माणसं आभाळाकडे बघत बसतात. अशा जिल्ह्यात मासा आहे आणि भरपूर आहे, कारण पाणी अडवलेलं आहे. प्रवरेवर १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा, त्याखाली निळवंडे, मुळेवर बारागाव नांदूरचं २६ टीएमसीचं धरण, अकोल्यात आढळा, पारनेरात मांडओहळ, श्रीगोंद्यात ब्रिटिशांच्या काळातला विसापूर तलाव. शिवाय जायकवाडीचा फुगवटा नेवासे आणि शेवगावच्या शिवारात शिरलेला आहे आणि उजनीचं पाणी कर्जत तालुक्याला टेकलेलं आहे. या पाण्यावर भोई कुटुंबं, मच्छिमार सहकारी संस्था, ठेकेदार आणि आठवडे बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बायका जगतात.

या पाण्यातला मासा कापला की कधी तरी त्याच्या मांसात काही तरी सापडतं. पाठीच्या तुकड्यात पिवळसर दाणा, वेटोळं घालून बसलेला लाल किडा, शेपटीकडे पसरलेला काळा डाग, किंवा फोडली तर दुधाळ पाणी सुटणारी पांढरी गाठ. गिऱ्हाईक मासा परत आणतं, विकणारी बाई तुकडा बदलून देते आणि पुढच्या बाजारी तिचा भाव उतरतो. डॉक्टरला विचारलं तर तो ‘नीट शिजवा’ म्हणतो. ते बरोबरही आहे. पण ते नेमकं काय होतं, मासा आजारी होता का, मांसात ते शिरलं कुठून, यंदाच जास्त का दिसतंय, या प्रश्नांची उत्तरं मराठीत एका जागी मिळत नाहीत. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत माशांच्या कृमींवरचे प्रबंध रांगेने उभे आहेत, पण त्यांतही हे सहसा सापडत नाही. ते का सापडत नाही हे कळलं की हे पुस्तक कशासाठी लिहिलं तेही कळेल.

मांसात राहणारे परजीवी एका कुळातले नसतात. सगळ्यांत जास्त डोळ्यांत भरतो तो पिवळा दाणा, म्हणजे क्लिनोस्टोमम या पर्णकृमीची अळी. तिचं आयुष्य तीन प्राण्यांत वाटलेलं आहे. प्रौढ कृमी बगळ्याच्या तोंडात आणि घशात राहतो. बगळ्याने पाण्यात चोच बुडवली की अंडी पाण्यात जातात. अंड्यातून सुटलेली सूक्ष्म अळी लिम्निया किंवा तिच्या भावकीतल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत शिरते. तिथे एकीच्या शेकडो होतात. त्या बाहेर पडतात, पोहत मासा गाठतात, कातडीतून आत घुसतात आणि मांसात पुटकुळी करून थांबतात. काही मिलिमीटरांची ती पुटकुळी महिनोन्‌महिने तशीच राहू शकते. माशाकडून तिला फार काही नको असतं. मासा बगळ्याच्या पोटात जाईपर्यंत तिला तग धरायचा असतो. तिची जवळची नातलग यूक्लिनोस्टोमम आकाराने मोठी आणि मरळीच्या कुळातल्या माशांत भारतभर नोंदलेली. ती नुसत्या मांसात थांबत नाही, यकृत आणि मूत्रपिंडातही घर करते.

लाल किडा म्हणजे युस्ट्राँजिलायडीस. हा गोलकृमी आहे. लांबीला तो सहज काही सेंटिमीटर भरतो, रंग रक्तासारखा, आणि मासा मेल्यावरही तो हलत राहतो. गिऱ्हाइकाला घाबरवणारा खरा हाच. त्याची पहिली पायरी गोगलगाय नसते. गाळात राहणारे, गांडुळाच्या वर्गातले बारीक जंत ही ती पायरी. ते जंत माशाने खाल्ले की अळी माशाच्या पोटातून मांसाकडे सरकते, आणि शेवटचा मुक्काम बगळा किंवा पाणकावळ्याच्या जठरात. सांडपाण्याने आणि मळीने पोसलेल्या गाळात हे जंत फोफावतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात बगळ्यांच्या वसाहतींमध्ये याच कृमीने पिल्लं दगावली तेव्हा अभ्यासकांचं बोट अशाच बिघडलेल्या पाण्याकडे गेलं. कारखान्यांच्या आणि शहरांच्या खालच्या अंगाला मासे धरणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

काळ्या डागाची गोष्ट निराळी. आयसोपॅरॉर्किस नावाचा मोठा पर्णकृमी वालॅगो, म्हणजे नदीकाठी ज्याला शिवडा म्हणतात त्या माशाच्या वाताशयात राहतो. त्याच्या कोवळ्या अवस्था दुसऱ्या माशांच्या अंगात भटकतात आणि जातील तिथे काळं रंगद्रव्य सोडतात. दुधाळ गाठी मात्र कृमींच्या नसतातच. मिक्सोबोलस, हेनेगुया, थेलोहॅनेलस ही मिक्सोझोआ गटातली मंडळी आहेत. शतकभर त्यांना एकपेशीय प्राण्यांत गणलं गेलं आणि आता ती जेलीफिशची दूरची नातलग ठरली आहेत. १९८४ साली केन वुल्फ आणि मारिया मार्किव यांनी दाखवलं की यांतली एक जात ट्राउट मासा आणि ट्युबिफेक्स हा गाळातला जंत यांच्यामध्ये ये-जा करते. दोन टोकांना सापडणारे आणि तोवर वेगवेगळे प्राणी समजले गेलेले जीव एकच निघाले. २०२० साली सामन माशाच्या मांसातल्या हेनेगुयात मायटोकॉन्ड्रियाचा जनुकसंचच नाही असं तेल अवीव विद्यापीठाच्या गटाने जाहीर केलं. प्राण्यांत असं उदाहरण तोपर्यंत माहीत नव्हतं. माशाच्या गाठीतून एवढी बातमी निघेल असं कोणाला वाटलं असतं?

बाकीच्यांचा उल्लेख पुरे. तळ्यातल्या कटला-रोहूच्या अंगावर दोऱ्यासारखा लोंबणारा लर्निया हा कवचधारी प्राणी. त्याचा नांगर मांसात रुतलेला असतो, म्हणून त्याला अँकर वर्म म्हणतात. १९८८ साली ईशान्येकडून भारतात शिरलेला व्रणरोग ॲफॅनोमायसिस या बुरशीसारख्या जिवाचा. तो मरळीच्या मांसात खोल जखमा करतो. ही दोन्ही मत्स्यशेतकऱ्याच्या ओळखीची दुखणी आहेत आणि त्यांच्यावर पुरेसं लिहिलेलं आहे. शेवटचा आणि सर्वांत कमी दिसणारा रहिवासी म्हणजे नॅथोस्टोमा. त्याची तीन-चार मिलिमीटरची अळी मरळीसारख्या माशांच्या मांसात गुंडाळी करून बसते. उघड्या डोळ्यांना ती चटकन सापडत नाही. पुढे माणसाच्या धोक्याबद्दल बोलताना तिच्याकडे परत यावं लागेल.

आता या विद्येचा इतिहास. युरोपात कार्ल रुडोल्फी याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृमींची मोठी वर्गवारी केली. क्लिनोस्टोमम आणि यूक्लिनोस्टोममच्या सर्वांत जुन्या जाती त्याच्याच नोंदीतल्या. मांसातल्या कृमींकडे वैद्यकाचं लक्ष १८३५ साली गेलं. लंडनचा विद्यार्थी जेम्स पॅजेट याला शवविच्छेदनात माणसाच्या स्नायूंत बारीक दाणे दिसले आणि रिचर्ड ओवेनने त्या कृमीला नाव दिलं. दुसऱ्याच वर्षी, १८३६ मध्ये, त्याच ओवेनने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या वाघाच्या जठरातून नॅथोस्टोमाचं वर्णन केलं. वाघाला तो मांसातून मिळाला असणार, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात आलं नाही. ही साखळी उलगडायला पुढची शंभर वर्षं लागली.

दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी त्याच सुमाराची. मुंबई सरकारचा संख्याशास्त्रीय नोंदक कर्नल विल्यम साइक्स याने भीमा-गोदेच्या खोऱ्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ पासून ती वर्णनं छापून आली. खुद्री, मुसुल्ला, फुलंगी अशी इथल्या मच्छिमारांच्या तोंडची नावं त्याने लॅटिन व्याकरणात बसवली आणि ती आजही टिकून आहेत. मासे कापून आत डोकावण्याचं काम मात्र बंगालात सुरू झालं. टी. साउथवेल आणि बैनी प्रसाद यांनी १९१८ मध्ये बंगालच्या मत्स्य प्रयोगशाळेतून भारतीय माशांचे परजीवी नोंदले आणि त्यात क्लिनोस्टोमम होता. १९३० मध्ये साउथवेलचे फीतकृमींवरचे, १९३६ आणि १९३९ मध्ये बेलिसचे गोलकृमींवरचे खंड ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत आले. त्यानंतर लखनौला जी. एस. थापर, अलाहाबादला एच. आर. मेहरा आणि मुक्तेश्वरला जी. डी. भालेराव यांनी घराणी उभी केली. भालेरावांचं पाळीव जनावरांच्या कृमींवरचं १९३५ चं पुस्तक अजून उघडलं जातं. मिक्सोझोआचा वारसा कोलकात्याकडे गेला आणि चक्रवर्ती, हलदार यांनी तो पुढे नेला. शंभर वर्षांची ही परंपरा कमी नाही. तिने एक देश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

महाराष्ट्रात हे काम आधी नागपुरात झालं. १९२५ साली एम. ए. मोघे यांनी मागूर माशाच्या आतड्यातून एक फीतकृमी वर्णिला. तो आज लायटोसेस्टस इंडिकस या नावाने ओळखला जातो आणि पुढच्या सगळ्या चाळणीतून टिकून राहिला. खरा मोठा फड मात्र १९६० नंतर औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठात उभा राहिला. जी. बी. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळीच्या आतड्यातून सर्कमऑन्कोबोथ्रियम ही प्रजाती मांडली. मग बी. व्ही. जाधव आणि त्यांच्या नंतरच्या विद्यार्थ्यांनी वाम, मरळ, मागूर, शिंगाळा असे कितीतरी मासे फोडले. सेंगा या एकाच प्रजातीत पैठण, गोदावरी, औरंगाबाद अशा नावांच्या जाती जमा झाल्या. मजा अशी की ही सेंगा प्रजाती १९३४ मध्ये फ्रान्समधल्या एका मत्स्यालयातल्या लढाऊ माशावरून स्थापन झाली होती आणि तिने आपलं सर्वांत मोठं गोत्र गोदावरीकाठी जमवलं. पैठण म्हणजे नगर जिल्ह्याच्या दारातलं पाणी. नेवासे-शेवगावचे मासे आणि पैठणचे मासे एकाच नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात पोहतात. त्यामुळे जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी हीच पद्धत उचलली यात नवल नाही.

पद्धत अशी: मासा बाजारातून आणायचा, पोट फाडायचं, आतडं बशीत उघडायचं, फीतकृमी फॉर्मॅलिनमध्ये घालायचा, रंगवायचा, काचपट्टीवर बसवायचा, मोजमापं घ्यायची. कुठल्याही जुन्या वर्णनाशी आकडे तंतोतंत जुळले नाहीत की नवी जात. या कष्टांबद्दल मला आदर आहे. वीज जाते, सूक्ष्मदर्शक जुना, संदर्भग्रंथ म्हणून यामागुतींचे १९५८ ते १९६३ मधले खंड मिळाले तर मिळाले, अशा परिस्थितीत ही माणसं बसून राहिली. पण हिशेब झाला तेव्हा तो जड गेला. २०११ साली चेक आणि भारतीय अभ्यासकांनी मागूर माशाचे बिनखंडाचे फीतकृमी संग्रहालयातल्या नमुन्यांसह आणि डीएनएसह पुन्हा तपासले. भारतीय उपखंडातून ५९ नावं छापली गेली होती, त्यांतली ८ उरली. बाकीची नावं एकाच प्राण्याच्या वयातल्या, आकसण्यातल्या आणि काचपट्टीवर दाबण्यातल्या फरकांना दिलेली होती.

नावं गळली याचं मला तितकं वाईट वाटत नाही. वर्गीकरणाच्या प्रत्येक घराण्यात ती गळतात. मला खटकतं ते दुसरंच. या साऱ्या कामात मासा फोडला गेला तो पोटाकडून, आणि आतडं निघालं की उरलेला मासा टाकून दिला गेला. त्याचं शास्त्रीय कारण आहे. आतड्यात कृमी प्रौढ असतो, त्याची जननेंद्रियं पूर्ण असतात, आणि जननेंद्रियांशिवाय वर्गीकरण होत नाही. मांसात असते ती अळी. तिला ना अंडाशय, ना वृषण. जुन्या पद्धतीने तिला नाव देता येत नाही. ज्याला नाव देता येत नाही त्याचा शोधनिबंध होत नाही आणि शोधनिबंध होत नसेल तर विद्यार्थी त्यावर वर्षं घालत नाही. अळीला नाव द्यायचं तर ती कोंबडीच्या पिल्लाला किंवा बगळ्याला खाऊ घालून वाढवायची आणि मग प्रौढ कृमी पाहायचा एवढाच मार्ग होता. तो सोपा नव्हता आणि आता बगळ्यांच्या बाबतीत कायद्यानेही मोकळा नाही. म्हणून माणूस जे खातो ते सोडून विज्ञानाने जे माणूस फेकून देतो ते पाहिलं. बाजारातल्या बाईच्या पाटीत पडलेला प्रश्न प्रयोगशाळेत पोचलाच नाही.

आता ती अडचण राहिलेली नाही. टाचणीच्या टोकाएवढ्या अळीतून सीओआय किंवा आयटीएस हा डीएनएचा तुकडा वाचता येतो आणि तो बगळ्याच्या घशातल्या प्रौढ कृमीशी जुळवता येतो. हे काम पुण्याला, मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत, नागपूर-उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयांत करता येण्यासारखं आहे. यंत्रापेक्षा जास्त लागते ती नजर: मासा पाठीकडून चिरायची, तुकडा उजेडावर धरून पाहायची, दोन काचांत दाबायची, संशय आला तर पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर मांस विरघळवून गाळायची सवय. आणि प्रत्येक तुकड्याबरोबर मासा कुठल्या पाण्यातला, कुठल्या महिन्यातला, केवढा, हे लिहून ठेवायची. हे लिहिणं बंद पडलं की बाकी सगळं व्यर्थ.

मांसातला किडा आताच का पाहायचा? धरणांमुळे. भंडारदऱ्याच्या आधीची प्रवरा ही वाहती, खडकाळ, उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी नदी होती. अशा नदीत गोगलगाईला फार थारा नसतो. धरणाने उथळ, कोमट, वनस्पतींनी भरलेला काठ दिला. त्या काठावर गोगलगाय आली आणि गोगलगाईच्या मागोमाग, किंवा खरं म्हणजे माशांच्या मागोमाग, पक्षी आले. १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य झालं. उजनीवर रोहित बघायला माणसं गाड्या करून येतात. पक्षी, गोगलगाय आणि मासा यांचं इतकं जवळचं बिऱ्हाड या कोरड्या पठारावर पूर्वी क्वचितच असेल. पिवळ्या दाण्याला दुसरं काय हवं?

त्यात नगरचा स्वतःचा एक विशेष आहे. इथलं पाणी दरवर्षी आटतं. उन्हाळ्यात फुगवटा मागे सरकतो, उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत कलिंगडं आणि भाजीपाला होतो, आणि उरलेल्या डबक्यांत मासे, गोगलगाई, बगळे एकमेकांच्या अंगावर येतात. पाणी कोमट झालं की गोगलगाईतून अळ्या सुटण्याचा वेगही वाढतो. दुष्काळी वर्षी मांसात किडा जास्त दिसतो अशी मच्छिमारांची तक्रार असेल तर ती उडवून लावण्यासारखी नाही. तिच्यामागे सरळ जीवशास्त्र असू शकतं. मग पावसाळा. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात कोर्टकचेऱ्या होतात, आणि त्या भांडणात टीएमसी मोजले जातात. त्या पाण्याबरोबर गोगलगाई, अळ्या आणि संसर्ग झालेले मासेही खाली जातात का, हा प्रश्न एकाही याचिकेत नसावा. तो तिथे असावा असं माझंही म्हणणं नाही, पण कोणीतरी तो विचारायला हवा. मत्स्यबीजाचंही तसंच. बोटुकली एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात पिशव्यांतून जाते, तिच्याबरोबर कोण जातं हे पाहायची रीत आपल्याकडे रुजलेली नाही.

माणसाला धोका किती, हा प्रश्न वाचक सगळ्यांत आधी विचारेल, म्हणून स्पष्ट सांगतो. ईशान्य थायलंड आणि लाओसमध्ये कच्च्या माशाची कोई पला ही कोशिंबीर खाल्ली जाते. तिथे ओपिस्थॉर्किस विव्हेरिनी हा यकृतकृमी लाखो लोकांत आहे आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाचं कारण म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात घातलं आहे. चीन-कोरियातला क्लोनॉर्किसही त्याच गटात. आपल्याकडे ती परिस्थिती नाही, आणि त्याचं बरंचसं श्रेय आपल्या चुलीला आहे. कालवण रटरटतं, तुकडा तव्यावर खरपूस होतो. ६३ अंशांच्या वर आतपर्यंत तापलेल्या मांसात यांतला कुठलाच कृमी जिवंत राहत नाही. क्लिनोस्टोमम जपान-कोरियात गोड्या पाण्यातला कच्चा मासा खाणाऱ्यांच्या घशाला चिकटल्याच्या नोंदी आहेत. १९८२ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गळाला लावायचे जिवंत छोटे मासे गिळणाऱ्या काही जणांच्या आतड्याला युस्ट्राँजिलायडीसने भोक पाडलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. गावातल्या पैजेत कोणी असं करत असेल तर त्याला हे वाचून दाखवावं. नॅथोस्टोमाच्या तुरळक रुग्णनोंदी भारतातूनही आहेत. तो कातडीखाली, क्वचित डोळ्यात फिरतो. इथे एक उलटा न्याय दिसतो. ताटातला किडा बघून आपण घाबरतो तो बहुतेक शिजल्यावर निरुपद्रवी प्रथिन असतो, आणि ज्याला घाबरावं तो दिसतच नाही. त्यामुळे डोळ्यांनी निवडून मासा सुरक्षित होत नाही, आचेने होतो. निखाऱ्यावर वरवर भाजलेला चढणीचा मासा, घाईत मुरवलेला अर्धकच्चा तुकडा आणि गोड्या पाण्यातल्या माशाची सुशी यांच्याकडे मात्र जपून पाहावं. सुशीसाठी मासा उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा लागतो. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा त्या कामाचा नाही.

कृमी, पाणी आणि माणूस यांची गाठ महाराष्ट्राने पूर्वी दोनदा सोडवली आहे, हे इथे आठवायला हवं. नारूबद्दल आजच्या साठीच्या पुढच्या कोणालाही विचारा. बारवेच्या पायऱ्यांवर उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायांतून तो निघत असे. पाणी गाळलं, बारवांऐवजी विहिरी-नळ आले, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. १९५२ साली आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात शिस्टोसोमा या रक्तकृमीचं माणसातलं केंद्र दाखवलं. त्याचा दुवा फेरिसिया नावाची इवलीशी गोगलगाय होती, आणि भारतात असं काही नाही या समजाला तिने तडा दिला. दोन्ही वेळा उत्तर सापडलं ते रोग्याच्या अंगात थांबून न राहता पाण्यातला मधला प्राणी शोधला तेव्हा. आफ्रिकेतल्या चाडमध्ये तर नारूने मासाच मध्ये घेतला आहे. तिथे २०१० साली तो पुन्हा आढळला आणि २०१२ पासून कुत्र्यांत दिसू लागला. काठावर फेकलेली माशांची आतडी कुत्रे खातात हे त्याचं एक कारण मानलं गेलं, म्हणून तिथे आतडी पुरण्याची मोहीम चालवली गेली. आपल्या धरणांच्या काठावर मासा साफ केला की आतडी कुठे जातात, हे सांगायला नको.

हे पुस्तक या सगळ्याला उत्तर देत नाही. त्याने एक मर्यादित काम अंगावर घेतलं आहे: नगर जिल्ह्याच्या पाण्यातल्या खाण्याच्या माशांचं मांस नीट पाहायला शिकवणं. म्हणून त्याची रचना परजीवींच्या वर्गीकरणावर केलेली नाही. ती माशांवर आणि मांसात काय दिसतं यावर केली आहे. हातात मरळ असेल तर मरळीचं प्रकरण उघडावं, दाणा पिवळा असेल तर पिवळ्याकडे जावं. वर्गाचं नाव शेवटी येतं. विद्यार्थ्यांना हे उलटं वाटेल. पण ज्या बाईला उद्या सकाळी बाजारात बसायचं आहे तिच्याजवळ रंगाचं ज्ञान आहे, जननेंद्रियांचं नाही. नवी जात या पुस्तकात एकही नाही. तो मोह मुद्दाम टाळला आहे. माशांची नावं आधी इथल्या बोलीतली दिली आहेत. एकाच माशाला अकोल्यात एक आणि कर्जतला दुसरं नाव असतं, तिथे दोन्ही छापली आहेत. ‘परोपजीवी’, ‘अंत:परजीवी’ अशा शब्दांच्या जागी शक्य तिथे ‘किडा’, ‘जंत’, ‘गाठ’, ‘दाणा’ ठेवले आहेत. भाषाशुद्धीवाल्यांनी रागावू नये.

ज्यांनी वर्षानुवर्षं आतडी तपासली त्यांचं काम या पुस्तकाने मोडीत काढलेलं नाही. ५९ नावांची ८ झाली तरी ती नावं देणाऱ्यांनी मासे कुठून आणले, कुठल्या महिन्यात आणले, किती फोडले आणि कितीत कृमी निघाले या नोंदी खऱ्याच आहेत. कुठल्या पाण्यात कुठला मासा तेव्हा होता याचा तो दस्तऐवज आहे. काही ठिकाणी तोच मासा आज सापडत नाही आणि त्याच्या जागी चिलापी आहे. मांसाची नोंद त्याच तपशिलाने सुरू झाली तर पुढे कोणालातरी अशीच कामाला येईल. त्यासाठी पुस्तकाच्या अखेरीस नोंदीचा एक साधा तक्ता दिला आहे: तारीख, पाणी, माशाचं स्थानिक नाव, लांबी, कुठल्या बाजूच्या मांसात, रंग, मोजून किती. शेवटचा रकाना ‘काही सापडलं नाही’ असा आहे. तो रिकामा सोडू नये, कारण किडा न सापडलेल्या माशाची नोंद नसेल तर सापडलेल्यांचं प्रमाण काढता येत नाही, आणि मांसातल्या किड्यांच्या आजवरच्या नोंदींत नेमकं तेच कमी पडलं आहे. मासे धरणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी आणि बी.एस्सी.च्या मुलांनी तो तक्ता झेरॉक्स करून वापरावा. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.